धबधबा अख्खा टिपायचा हट्ट सोडा: वेगळा फोटो मिळवण्याची पद्धत

धबधब्यांचे बहुतेक फोटो एकसारखे दिसतात, कारण ते एकाच प्रकारच्या जागेवरून काढलेले असतात. पायवाट संपते, कठडा लागतो, तिथेच माणूस थांबतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरतो आणि कड्यापासून डोहापर्यंत सगळं मावेल अशी चौकट लावतो. मधोमध पांढरा उभा पट्टा, दोन्हीकडे काळा खडक, वर फिकट आभाळ. असा फोटो चुकीचा नसतो, पण त्यावर नजर रेंगाळत नाही.

यावर उपाय म्हणून बरेच जण गडद फिल्टर (लेन्ससमोर बसवायची, उजेड कमी करणारी काच) घेतात आणि पाणी दुधासारखं गुळगुळीत करतात. मग तोच फोटो गुळगुळीत पाण्यासकट मिळतो. फिल्टर उपयोगाचा आहेच, पण त्याची पाळी नंतरची. या धबधब्यातली कुठली एक गोष्ट दाखवायची, हे आधी ठरवायला हवं.

पहिली वीस मिनिटं कॅमेरा पिशवीत

पोचल्यावर लगेच ट्रायपॉड उघडू नका. आधी पाण्याचा रस्ता वाचा. कड्यावरून ते कुठे सुटतं, पहिल्यांदा कुठे आपटतं, कुठे फाटून दोन-तीन धारा होतात, डोहात कुठे गोल फिरतं आणि ओढा होऊन कुठून निघून जातं? प्रवाहाच्या दिशेने पन्नास-शंभर मीटर खाली चालत जा आणि मागे वळून पाहा. एकदा डोळे बारीक करून बघा. तपशील पुसट होतात आणि फक्त उजेडाचे नि अंधाराचे ठिपके उरतात. चौकट याच ठिपक्यांवर उभी राहते.

मग मनात एक वाक्य पूर्ण करा: ‘हा धबधबा म्हणजे...’ रिकाम्या जागी ‘सुंदर’ किंवा ‘भव्य’ आलं तर अजून थोडं हिंडा. ‘तीन पायऱ्यांवरून उड्या मारणारी धार’, ‘खडकाला न शिवता सुटलेला पडदा’, ‘कपारीतून डोकावणारं पाणी’ असं काही आलं की विषय सापडला. आता त्या वाक्यात न बसणारं जे काही आहे, ते चौकटीबाहेर ठेवता येतं. आभाळ बहुतेक वेळा पहिलं बाहेर जातं. ढगाळ दिवशी ते पांढरंफट्ट येतं आणि पाण्यापेक्षा जास्त लक्ष ओढून घेतं.

जागा बदलली की चित्र बदलतं

झूम फिरवणं आणि चार पावलं चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झूमने फक्त चौकट लहान-मोठी होते. जवळच्या दगडाचं आणि दूरच्या धारेचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तुम्ही जागेवरून हललात तरच बदलतं.

तीस मीटर उंचीचा धबधबा समोर आहे असं धरा. पायथ्यापासून वीस मीटरवर उभं राहिलात, तर तो नजरेच्या सुमारे छप्पन्न अंशांत पसरलेला असतो. फुलफ्रेम (३६ × २४ मिलीमीटर सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून २४ मिलीमीटरसारखी रुंद लेन्स लावावी लागते आणि तीही वर कलवून. कॅमेरा वर कलला की खडकाच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात, कडा मागे रेलल्यासारखा वाटतो आणि उंची हरवते. नवख्यांच्या फोटोत मोठे धबधबे बुटके दिसतात ते यामुळे. आता मागे जाऊन पायथ्यापासून शंभर मीटरवर उभे राहा. तोच धबधबा सतरा अंशांत मावतो. १०० मिलीमीटरची लेन्स लावा, कॅमेरा जवळपास सपाट राहतो, रेषा ताठ राहतात आणि मधल्या झाडांसमोर धबधबा खराखुरा उंच दिसतो. मागे जायला वाट असेल तर ती वाट तुडवाच.

उलट, धबधब्यापेक्षा ओढा बोलका असेल तर खाली बसा. ट्रायपॉडचे पाय पसरून कॅमेरा पाण्यापासून वीत-दीड वीत उंचीवर आणा आणि १६ ते २० मिलीमीटरची लेन्स लावा. समोरचा ओला दगड किंवा पाण्याची जीभ चौकटीचा खालचा अर्धा भाग व्यापते आणि धबधबा मागे छोटा होऊन बसतो. इथे फोकस धबधब्यावर ठेवलात तर पुढचा दगड मऊ येतो. फुलफ्रेमवर १६ मिलीमीटर आणि एफ/११ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका मोठा, तितकं छिद्र बारीक) असेल तर साधारण एक मीटरवर फोकस लावा. अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं रेखीव येतं. एफ/२२ वर जाण्याचा मोह टाळा. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ होतो.

बाजूने बघणं फार कमी जण करतात, आणि ते सगळ्यात फलदायी असतं असं आमचं मत आहे. समोरून धबधबा सपाट दिसतो. बाजूने पाहिलं की पाणी कड्यापासून किती पुढे सुटलंय ते कळतं, पाणी आणि खडक यांच्यामधली काळी पोकळी दिसते आणि आडव्या उजेडात धारेला जाडी येते.

काही धबधब्यांच्या मागेही जाता येतं. आइसलंडमधला सेल्यालँड्सफॉस त्यासाठीच ओळखला जातो. मागून काढताना बाहेरच्या उजेडावर एक्स्पोझर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लावा, म्हणजे कपारीची कड काळी चौकट बनते आणि पाण्याचा पडदा मागून उजळतो. मात्र वाट आखलेली आणि खुली असेल तरच मागे शिरा. धारेबरोबर वरून दगडही येतात.

आणि एकदा धबधब्याकडे पाठ करा. त्याच्या तुषारांनी भिजलेली पानं, उडालेल्या पाण्याने काळा पडलेला खडक, वाकलेलं गवत हेही त्या धबधब्याचंच वर्णन आहे.

शटर स्पीड: पाणी किती वेगात आहे ते आधी बघा

‘धबधब्याला एक सेकंद’, म्हणजे शटर एक सेकंद उघडं ठेवा, असा नियम सगळीकडे सांगितला जातो. तो अर्धवट आहे. वीस मीटरवरून मोकळं पडणारं पाणी खाली पोचेपर्यंत, हवेचा अडथळा सोडला तर, सेकंदाला सुमारे वीस मीटर वेग घेतं. १/१००० सेकंदात ते दोन सेंटिमीटर सरकतं, पाव सेकंदात पाच मीटर. शेजारच्या दगडावरून निवांत घसरणारा झरा सेकंदाला मीटरभर जात असेल, तर त्याच पाव सेकंदात तो जेमतेम वीतभर सरकतो. म्हणजे एकाच शटरला मुख्य धार पुसून जाते आणि झऱ्याचे धागे मात्र टिकतात. लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकं हे सरकणं चौकटीत मोठं दिसतं.

त्यामुळे आकडा पाठ करू नका, शिडी लावा. एकाच चौकटीचे पाच फोटो घ्या: १/१०००, १/६०, १/८, १/२ आणि २ सेकंद. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून बघा. १/१००० ला पाण्याचे गोळे आणि मागे शेपट्या दिसतात, जोरकस धबधब्याला हे शोभतं. १/६० बहुतेक वेळा धड ना इकडे ना तिकडे, हललेल्या फोटोसारखं वाटतं. १/८ ते १/२ मध्ये धागे दिसतात आणि जोरही राहतो, म्हणून सुरुवात इथून करा. दोन सेकंदांपुढे धारेतले धागे एकमेकांत विरतात आणि भरपूर पाण्याचा धबधबा नुसता पांढरा ठोकळा होतो. बारीक, विरळ धारांना मात्र दोन-तीन सेकंद छान लागू पडतात.

हळू शटरसाठी उजेड कमी करावा लागतो. गर्द झाडीत, ढगाळ दिवशी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ ला बऱ्याचदा फिल्टरशिवायच १/८ ते १/४ मिळतं. तेवढं न मिळालं तर एनडी फिल्टर, म्हणजे तो गडद फिल्टर, लावा. एनडी८ तीन स्टॉप उजेड कमी करतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), एनडी६४ सहा आणि एनडी१००० दहा. हिशेब गुणाकाराचा आहे: फिल्टरशिवाय १/६० असेल तर एनडी६४ ने साधारण एक सेकंद आणि एनडी१००० ने सुमारे सोळा सेकंद. एनडींपैकी एकच घ्यायचा असेल तर एनडी६४ घ्या. दहा स्टॉपचा फिल्टर धबधब्याला क्वचितच लागतो.

क्रम असा ठेवा. ट्रायपॉड लावा आणि पाय दगडावर किंवा घट्ट रेतीत रोवा. मधला दांडा वर काढू नका, तो प्रवाहाच्या थरथरीने हलतो. चौकट ठरवा, फोकस लावा आणि लगेच मॅन्युअल फोकसवर जा, कारण गडद फिल्टरमागे ऑटोफोकस चाचपडत राहतो. लेन्सचं स्थिरीकरण बंद करा. मग फिल्टर चढवा, हळूच, फोकसची रिंग हलू न देता. शटरचं बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा. आरशाच्या डीएसएलआरवर लांब एक्स्पोझर करताना (शटर बराच वेळ उघडं ठेवताना) डोळा लावायची खिडकी झाका, नाहीतर तिथून शिरलेला उजेड फोटो धुरकट करतो.

वारा असेल तर हळू शटरला पाण्यासोबत नेचेही पुसले जातात. चौकट न हलवता दुसरा फोटो घ्या: आयएसओ ८०० किंवा १६००, शटर १/६० च्या आसपास किंवा त्याहून वेगवान. नंतर संगणकावर दोन्ही जोडा: पानं यातून घ्या, पाणी पहिल्यातून.

पोलरायझर: एका ओल्या दगडाचं उदाहरण

एकूण एकच फिल्टर परवडणार असेल तर तो पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, असू द्या. एनडीचं काम काही अंशी छोट्या छिद्राने भागतं. चकाकी काढणं मात्र नंतर संगणकावर नीट जमत नाही.

ओढ्यातला एखादा ओला, शेवाळलेला दगड चौकटीत घ्या आणि पडद्याकडे बघत फिल्टरची रिंग सावकाश फिरवा. सुरुवातीला दगडाच्या माथ्यावर आभाळाचा राखाडी-पांढरा थर दिसेल, जणू त्यावर प्लास्टिक ताणलंय. रिंग फिरत जाते तसा थर विरतो. आधी दगडाचा काळा रंग वर येतो, मग शेवाळाचा हिरवा गडद होतो, मग उथळ पाण्याखालचे गोटे उघडे पडतात. आणखी फिरवलीत की चकाकी परत येते. पाण्याकडे पृष्ठभागापासून साधारण ३७ अंशांच्या तिरक्या नजरेने बघताना हा परिणाम सर्वांत जास्त असतो. सरळ वरून वाकून बघताना जवळपास काहीच होत नाही.

नवखे इथे शेवटच्या टोकापर्यंत फिरवतात. चकाकी पार काढली की दगड ओले वाटतच नाहीत आणि डोहातलं प्रतिबिंबही जातं. दगडाच्या कडेला चांदीची एक बारीक रेघ उरेल इथे थांबा. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे शटरही आपोआप हळू होतं. आणि कॅमेरा आडव्याचा उभा केलात की रिंग पुन्हा फिरवा. हे हमखास विसरलं जातं.

पांढरं पाणी कोरं होऊ देऊ नका

चौकटीत काळा खडक जास्त असेल तर कॅमेऱ्याला दृश्य अंधारं वाटतं, तो उजेड वाढवतो आणि पाण्याचा कागदासारखा कोरा डाग होतो. पाणीच चौकटभर असेल तर उलटं होतं आणि ते राखाडी येतं. पहिल्या वेळी एक्स्पोझर ०.७ ते १ स्टॉप कमी करा, दुसऱ्या वेळी तेवढंच वाढवा. हायलाइटची सूचना (फार उजळून कोरे झालेले भाग लुकलुकवणारी सोय) चालू ठेवा. पाण्यात चार ठिपके लुकलुकले तर चालेल, पट्टा लुकलुकला तर नाही. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) मध्ये काढा. सावलीतलं पाणी निळसर येतं, तेव्हा व्हाइट बॅलन्स (रंग गार की उबदार दिसतील ते ठरवणारी सेटिंग) ६००० ते ६५०० केल्विनच्या दरम्यान ठेवून बघा. निळा अगदी पुसू नका, गारवा त्यातच आहे.

उजेड आणि इंद्रधनुष्य

ढगाळ दिवस सोपा. भर दुपारचं ऊन सर्वांत अवघड, कारण अर्धी धार जळते आणि अर्धी काळोखात जाते. पण ऊनच असेल तर दोन गोष्टी हाताशी आहेत.

पहिली, उजेडाच्या विरुद्ध काढणं. सूर्य कड्याआड लपेल अशा जागी उभे राहा. मागे सावलीतला खडक असू द्या. १/१००० च्या आसपास तुषारांचा प्रत्येक थेंब ठिणगीसारखा उठतो.

दुसरी, इंद्रधनुष्य. ते नशिबाने दिसतं असं अनेकांना वाटतं, पण त्याची जागा ठरलेली असते. सूर्य पाठीशी घ्या. तुमच्या डोक्याची सावली जिथे पडते, त्या दिशेपासून ४२ अंशांवर धनुष्य उमटतं. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा वर असेल तर सपाट जागेवरून ते दिसत नाही, पण उंचावरून खाली तुषारांकडे बघत असाल तर तेव्हाही दिसतं. तुम्ही डावीकडे सरकलात की तेही डावीकडे सरकतं, म्हणून धारेच्या पायाशी ते आणायचं असेल तर पायच हलवा. पोलरायझर लावला असेल तर सांभाळा. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित असतो (त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत हलतात), रिंग एका कोनात ठेवली की रंग खुलतात आणि नव्वद अंश फिरवली की धनुष्यच नाहीसं होतं!

पौर्णिमेच्या आसपास चांदण्यातही धनुष्य पडतं, आफ्रिकेतला व्हिक्टोरिया धबधबा त्यासाठी प्रसिद्ध आहे. डोळ्यांना ते पांढुरकं दिसतं, लांब एक्स्पोझरमध्ये रंग उतरतात. अमेरिकेतल्या योसेमिटीचा हॉर्सटेल फॉल फेब्रुवारीच्या उत्तरार्धात मावळतीला काही मिनिटं निखाऱ्यासारखा नारिंगी होतो. पाणी, सूर्याचा कोन आणि स्वच्छ पश्चिम क्षितिज हे तिन्ही जुळलं तरच. एका धबधब्याकडे वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत परत जाण्याला अर्थ आहे तो असा.

फेसाचं वर्तुळ

धबधब्यापासून थोडं खाली, पाणी जिथे कोपऱ्यात अडकून गोल फिरतं, तिथे फेसाचे पुंजके किंवा गळालेली पानं शोधा. डोळ्यांना तो कचरा वाटतो. तरंगतं एखादं पान निवडा आणि त्याला एक पूर्ण फेरी मारायला किती सेकंद लागतात ते मोजा. वीस लागले तर एक्स्पोझर दहा ते वीस सेकंदांचं ठेवा. त्याहून कमी ठेवलंत तर तुटक रेघा येतात, फार जास्त ठेवलंत तर राखाडी थाळी. कॅमेरा शक्य तितका उंच आणि खाली झुकवलेला, लेन्स २४ ते ३५ मिलीमीटर. पोलरायझरने आभाळाचं प्रतिबिंब काढा, म्हणजे काळ्या पाण्यावर पांढरी वर्तुळं उठतात. फेस कमी असेल तर थांबा, वरून तो लाटेलाटेने येतो.

लांब पल्ल्याच्या लेन्सने आणखी एक करता येतं. २०० मिलीमीटरला धारेचा फक्त एक तुकडा घ्या: जिथे पाणी दगडाच्या नाकावर आपटून फुटतं तेवढाच. ना कडा, ना डोह. मोठेपणा दाखवायचा असेल तर पायथ्याशी सुरक्षित जागी उभा असलेला माणूस चौकटीत लहान ठेवा. त्याला अर्धा सेकंद स्तब्ध राहायला सांगा, नाहीतर त्याचाही झरा होतो.

मोबाइल असेल तर

आयफोनवर लाइव्ह फोटो काढा आणि नंतर त्याला ‘लाँग एक्स्पोझर’ हा परिणाम द्या. ही सोय २०१७ पासून आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये प्रो मोडमध्ये शटर हाताने लावता येतं. मोबाइलचं छिद्र सहसा बदलता येत नाही, म्हणून उन्हात हळू शटर मिळणं कठीण. सावली किंवा संध्याकाळ गाठा. फोन दगडाला टेकवून ठेवा. वीतभर उंचीचा कोन मोबाइलला कॅमेऱ्यापेक्षा सहज जमतो, तो वापरा.

तुषार, शेवाळ आणि वाढतं पाणी

लेन्सवरचा एक थेंब पडद्यावर दिसत नाही, घरी दिसतो. तीन-चार मायक्रोफायबर कापडं वेगवेगळ्या कोरड्या पिशव्यांत ठेवा, एकच नेलंत तर दहा मिनिटांत ते ओलं होतं. चौकट ठरेपर्यंत झाकण लावलेलं असू द्या, मग झाकण काढा, फोटो घ्या, परत लावा. आधी ब्लोअरने रेती उडवा आणि मग पुसा, उलट केलंत तर चरे पडतात. पायथ्याशी लेन्स बदलू नका. थंड खोलीतून किंवा गाडीतून दमट हवेत आलात तर कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या, नाहीतर काच धुकं धरते.

काळा, चकचकीत, हिरवट दगड हा पाय ठेवायची जागा नाही. कड्याच्या वरच्या टोकाला पाण्याजवळ जाऊ नका. त्या जागेवरून फोटोही फारसा चांगला येत नाही, कारण धबधबाच दिसत नाही. कोसळत्या धारेखालच्या डोहात उतरू नका, तिथला प्रवाह खाली ओढतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून येऊ लागली किंवा आवाज जड झाला, तर वर पाऊस पडला आहे असं समजा आणि ट्रायपॉड न आवरता, आहे तसा उचलून उंचावर जा. फिल्टर दगडावर राहिला तर राहू द्या.

घरी आल्यावर

निवडताना सगळ्यात आधी अख्ख्या धबधब्याचे फोटो बाजूला काढा आणि उरलेल्यांतून निवडा. संपादनात पाण्याचा हायलाइट फार खाली ओढला की ते मळकं, सिमेंटसारखं होतं. पाण्यावर क्लॅरिटी (मधल्या छटांतला उठाव) किंचित कमी करा, खडकावर थोडी वाढवा. पाण्याला जोर असेल आणि रंगात काही नसेल, तर कृष्णधवल करून बघा.

ट्रायपॉडच्या पायांचे सांधे त्याच रात्री उघडून पुसा आणि पाय लांब करून वाळत ठेवा. आत अडकलेली रेती पुढच्या वेळी नेमकी पाण्यात उभं असताना सांधा अडकवते.